दुपारचा मासा

बाप्तिस्तच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, कात्री असे. छोटी, बोथट टोकाची, शिंप्याकडे धागे तोडायला असते तशी. गिऱ्हाईक टेबलाशी बसलं की तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून ॲल्युमिनियमचं ताट घेऊन यायचा. ताटात त्या दिवशीचे सरंगे मांडलेले असत. मुंबई-पुण्याकडची माणसं त्यांना पापलेट म्हणतात. गिऱ्हाईक एकावर बोट ठेवी. मग बाप्तिस्त तो मासा उचलून, सगळ्यांच्या देखत, त्याच्या शेपटीच्या वरच्या टोकाला कात्रीने एक खाच पाडी आणि शुद्ध मराठीत म्हणे, "हा तुमचा. तव्यावरून परत येईल तेव्हा खूण बघून घ्या."

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बाळा कांदळकरची ही खानावळ. बाळाचे वडील गल्ल्यावर बसत तेव्हा एका गिऱ्हाइकाने ताट बाजूला सारून म्हटलं होतं की दाखवलात एक मासा आणि भाजलात दुसरा. खरं की खोटं ते कोणालाच सिद्ध करता आलं नाही. त्या दुपारी बाप्तिस्त बाजारात जाऊन ही कात्री घेऊन आला. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे माणसं ती खाच बघायला येऊ लागली आणि बाळा गल्ल्यावर बसला तेव्हा त्याने बाहेरच्या पाटीवर लिहून घेतलं, "खुणेचा मासा".

मी तिथे आठवड्यातून एकदोनदा जेवतो. बाप्तिस्तची नजर मला ओळखीची होती, पण आवडती म्हणता येणार नाही. माणूस खुर्ची कशी ओढतो, पाण्याचा पेला उजेडात धरून बघतो की नाही, सोलकढी दुसऱ्यांदा मागताना आवाज बदलतो का, हे सगळं तो न बघितल्यासारखं बघे. चव घ्यायच्या आधी वाहवा करणाऱ्यावर त्याचा विश्वास नसे. पहिल्याच भेटीत 'काका' म्हणणाऱ्यावर तर अजिबात नाही.

तरुणपणी तो पणजीला एका हॉटेलात होता. तिथून त्याने एक नियम आणला होता. ताटाखाली ठेवलेली टीप तो गिऱ्हाईक उंबरठा ओलांडेपर्यंत उचलत नसे. माणूस आत आहे तोवर पैसे त्याचे. त्याला परत घ्यावेसे वाटले तर घेता आले पाहिजेत, असं तो म्हणे. मग ते पैसे खिडकीजवळच्या डब्यात जात. डबा सगळ्यांचा. अलीकडे बाळाने भिंतीवर स्कॅन करायचं स्टिकर लावलं, तेव्हापासून डब्यात फारसं काही पडत नाही, आणि स्टिकरमधून काय येतं ते बाळाच्या मोबाइललाच ठाऊक. बाप्तिस्तने त्याबद्दल कधी विचारलं नाही. बाळाला तो शाळेत जाताना बघत आला होता. सगळ्या जगावर त्याचा संशय होता, पण त्या जगाची हद्द स्वयंपाकघराच्या पडद्याशी संपत होती. पडद्याच्या आत तो जात नसे. भिंतीत एक खिडकी होती. मासे तिथून बाहेर येत आणि खाच पडली की तिथूनच आत जात.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर निळ्या टोपीचा एक माणूस येऊ लागला. एकटा, साठीच्या पुढचा. चिवल्याच्या किनाऱ्याला कोणाच्या तरी घरी खोली घेऊन राहिला होता. पहिल्या दिवशी त्याने सरंगा निवडला, खाच बघितली, जेवला, हात धुतले आणि गेला. ताटाखाली काही ठेवलं नाही. बाप्तिस्तला त्यात वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र बाप्तिस्त खाच पाडून वळणार, इतक्यात त्या माणसाने त्याचा हात धरला आणि तळव्यात घडी केलेली नोट दाबली.

"राहू द्या. जरा लक्ष ठेवा," तो म्हणाला.

जेवायच्या आधी. अजून पानात मीठसुद्धा वाढलेलं नव्हतं.

बाप्तिस्तने ती नोट डब्यात टाकली नाही. पडद्याबाहेर खुंटीवर त्याची कापडी पिशवी असे, घरी जाताना बदलायचा शर्ट असलेली. तिच्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, पण नोट आधीच्यापेक्षा मोठी. चौथ्या दिवशी आणखी मोठी. माणूस बोलायचा कमी. बाप्तिस्त वाढत असताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा, डॉक्टर डोळ्याची पापणी ओढून बघतो तसा. बाप्तिस्त त्याला जास्तच नीट वाढू लागला. भात गरम आहे का बघून, कढी ढवळून, लिंबाची फोड बिया काढून. संशय आला की त्याचं काम जास्त चोख होई; ती त्याची आडोशाला उभं राहण्याची रीत होती.

"कोण असतलो तो?" एका सकाळी त्याने बायकोला विचारलं. त्यांचं घर मालवणजवळच्या कट्टा गावात. जेसिंता परसात मिरच्या पसरत होती.

"माका काय ठावक? तू रोज वाढतस तेका."

"जमिनीचो दलाल असतलो."

"दलाल तुका कित्याक पैसे देतलो रे? तुझ्याकडे जमीन खंय आसा?"

"ह्यो परसू आसा मा."

"ह्या परसात माझी कोंबडीसुद्धा फिराक कंटाळता."

बाप्तिस्त हसला नाही. "नायतर बाळान पाठवलेलो असतलो. माका बघूक."

"बाळा तुका रोज फुकट बघता. तेच्यासाठी टोपी घालून माणूस कित्याक पाठवतलो?" जेसिंताने मिरचीच्या हाताने त्याला फाटकाकडे ढकललं. "जा, तुझी गाडी चुकतली."

पण गाडीत त्याच्या डोक्यात तेच राहिलं. खानावळीत पोचल्यावर त्याने बाळाला गल्ल्यावर गाठलं आणि सरळ विचारलं, "तो निळ्या टोपयेचो तुझो माणूस मा?"

बाळाने मोबाइलमधून मान वर केली. "खंयचो? माझो नाय." मग जरा थांबून, "कायव इचारता काय तो? माशाबद्दल?"

"नाय. पैसे देता. जेवच्या आधी."

"मग घे नि गप ऱ्हव. लोकांक देऊचा नसता, तो देता तर तुका ताप." पण त्या दुपारी बाळा दोनदा खिडकीतून डोकावून त्या टेबलाकडे बघून गेला, हे बाप्तिस्तच्या लक्षात आलं. त्याने त्याचा अर्थ असा लावला की बाळा खोटं बोलतो आहे आणि माणूस बाळाचाच आहे. अर्थ लावायला तो कधी चुकत नसे, फक्त कधी कधी चुकीच्या टेबलावर लावी.

आणखी एक गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर पावसाळा संपल्यापासून घडत होती. आधी तव्यावर बाळाची बायको विमला असायची. तिचं मनगट दुखायला लागलं, तेव्हापासून बाळा स्वतः मासे भाजू लागला आणि विमलाकडे कढी, भात आणि माशांचं ताट मांडणं आलं. बाळाच्या हातून माशांच्या शेपट्या मोडत. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच. "तवो नवो आसा, चिकाटता," बाळा खिडकीतून सांगे. बाप्तिस्त मग बाहेर गिऱ्हाइकाला सांगे, "शेपटी तव्याला राहिली, पण मासा तोच. माझ्या हातचा आहे." माणसं मानत. त्याच्या चेहऱ्यावर मानण्यासारखं काहीतरी होतं.

निळ्या टोपीवाल्याचा मासा रोज बिनशेपटीचा येत होता.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं, त्या दुपारी ताटात एकच मोठा सरंगा होता, पोटाकडे चांदीसारखा, डोळा भरलेला. टोपीवाल्याने तो निवडला. नोट आली, खाच पडली. भाजून आला तेव्हा शेपटी नव्हती. माणसाने माशाकडे बघितलं, बाप्तिस्तकडे बघितलं.

"तव्याला चिकटली," बाप्तिस्त म्हणाला. "मासा तोच."

"तोच," माणूस म्हणाला आणि काटे काढू लागला.

दिवेलागणीला कोल्हापूरचं एक कुटुंब आलं. मी तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी होतो, म्हणून हे बघितलं. विमलाने खिडकीतून ताट दिलं. बाप्तिस्तने ते त्या कुटुंबापुढे धरलं. बाईंनी मोठ्या माशावर बोट ठेवलं. बाप्तिस्तने मासा डाव्या हातात उचलला, उजव्या हाताने कात्री काढली, उघडली, आणि ती तशीच उघडी राहिली.

शेपटीच्या वरच्या टोकाला खाच होती.

"हा नको. दुसरा घ्या," तो म्हणाला.

"का? हाच ताजा दिसतोय की," बाई म्हणाल्या.

"ताजा आहे. पण हा विकलेला आहे. दुपारीच."

त्याने ताट त्यांच्याच टेबलावर ठेवलं, मासा हातात धरला आणि पडदा सारून आत गेला. मी त्याला त्या पडद्यातून जाताना पहिल्यांदाच बघितलं. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात गुपित ठेवायला भिंती लागतात आणि इथे एक खिडकी होती.

"ह्यो दुपारचो," बाप्तिस्तचा आवाज.

"मग?" बाळाचा.

"त्या टोपीवाल्याक काय भाजलंस?"

"सरंगोच भाजलंय. काय दगड भाजलंय?"

"खंयचो?"

 बर्फाच्या पेटीचं झाकण कोणीतरी उघडल्याचा आणि आपटल्याचा आवाज आला. ते बाप्तिस्तने उघडलं असणार.

"आयक," बाळा हलक्या आवाजात म्हणाला. "ताजो सरंगो संध्याकाळी रिसॉर्टवाले नेतत. दाम देतत. हयसर तो रव्यात लोळयलो काय ताजो नि बर्फातलो सारखोच. कोणाक कळता? आज तेंनी आयत्या वेळार नको म्हटल्यानी, नि ह्या बायलेन उचलून ताटात ठेवल्यान."

"ताट रिकामा दिसला, ठेवलंय," विमला म्हणाली. "माका कोणी सांगलेला काय?"

"भाज ह्यो," बाप्तिस्त म्हणाला.

"कोणाक?"

"जेचो तेका."

"बाप्तिस्त, तू आता बाहेर जाऊन गप वाढ. नाय जमत तर उद्यापासून येव नको. मी रागान नाय सांगत."

मग तव्यावर तेल तापल्याचं ऐकू आलं. आणि विमलाचा आवाज आला, "बाजूक व्हा जरा." ती नवऱ्याला म्हणाली की बाप्तिस्तला, ते कळलं नाही. पण मासा तिनेच भाजला. दुखऱ्या मनगटाने. शेपटी अख्खी राहिली. तवा नवा होता तरी.

पुढे मी विचार करत राहिलो की विमलाला खरंच ठाऊक नव्हतं का. रोज माशांना हात लावणारी बाई शेपटीवरची खाच बघत नाही? तिने तो मासा ताट रिकामं दिसलं म्हणून ठेवला, की तिला स्वतःला नवऱ्याला सांगता येत नव्हतं ते बाप्तिस्तच्या हातात ठेवलं? ती हे कधीच सांगणार नाही.

बाप्तिस्तने मासा केळीच्या पानात गुंडाळला, स्टीलच्या डब्यात ठेवला. खुंटीवरच्या पिशवीतून त्या सगळ्या नोटा काढल्या आणि तो चिवल्याकडे चालत गेला. तिथे जे झालं ते जेसिंताने मला नंतर सांगितलं, आणि तिने त्यात मीठमसाला घातला असेल असं मला वाटत नाही. नवऱ्याची फजिती ती कोरडीच सांगते.

टोपीवाला ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. टोपी काढलेली होती, त्यामुळे बाप्तिस्तने त्याला क्षणभर ओळखलं नाही.

"हा तुमचा मासा," बाप्तिस्त म्हणाला. "दुपारचा."

"मी काही मागवलं नाही."

"दुपारी मागवला होता. मिळतोय आता."

माणसाने डबा उघडला, पान बाजूला केलं, शेपटीवरची खाच बघितली. "याचे किती?"

"तुम्ही दिलेत. आणि हे तुमचे." बाप्तिस्तने नोटा कठड्यावर ठेवल्या आणि वारा होता म्हणून वर डब्याचं झाकण ठेवलं. "हे मी घेतले नव्हते. नुसते ठेवले होते."

माणूस नोटांकडे बघत बसला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशीचा मासा शिळा होता. मला कळलं. तुम्ही इतकी खूण वगैरे केलीत आणि शेपटीच गायब. म्हटलं, इथली पद्धत असेल. आधी हात ओला केल्याशिवाय दाखवलेला मासा येत नसेल. म्हणून दुसऱ्या दिवशी आधी दिले. तरी तसाच आला. वाटलं, कमी पडले. मग वाढवत गेलो."

बाप्तिस्तला जे समजायला हवं होतं ते समजायला थोडा वेळ लागला. तो माणूस दलाल नव्हता, बाळाचा नव्हता, कोणाचाच नव्हता. पानाशी बसून तो इतके दिवस फक्त बाप्तिस्तला विकत घ्यायचा प्रयत्न करत होता, आणि बाप्तिस्त महाग पडत होता.

"मग येत का राहिलात?" त्याने विचारलं.

"तुम्ही वाढता छान. लिंबाच्या बियासुद्धा काढता. इतक्या मायेने फसवणारा माणूस मी पाहिला नव्हता. बघावंसं वाटायचं."

"मला ठाऊक नव्हतं."

माणसाने मान हलवली; हो म्हणाला की नाही ते कळेना. त्याने मासा पानासकट थोडा वर उचलला, हुंगला, परत ठेवला. "आणि हा?"

"हा तुमचा."

"असं तुम्ही रोजच म्हणता."

 इतकी वर्षं बाप्तिस्तने गिऱ्हाइकांना दिलं ते एवढंच वाक्य होतं, आणि ते आता कठड्यावर त्या नोटांशेजारी पडलं होतं, कोणीही हात न लावता. तो डबासुद्धा न घेता परत आला आणि कट्ट्याची गाडी धरली.

"जाऊ नको उद्या," जेसिंता म्हणाली. "आपल्याक काय पोरांची फी भरूची नाय."

"नाय गेलंय तर तो म्हणतलो, चोर होतो, पळालो."

"कोण? बाळा?"

"टोपयेवालो."

"तो येवचो नाय आता. तू दारात जाऊन मासो दिलंस मेल्या, तेका आता तुझो जास्तच संशय इलो असतलो."

दुसऱ्या दिवशी तो गेला. बाळाने त्याला बघितलं आणि गल्ल्यातली चिल्लर उगाच वरखाली केली. येऊ नको म्हणाला नाही, ये म्हणाला नाही. दोन टेबलं भरलेली होती आणि वाढायला दुसरं कोणी नव्हतं. विमलाने खिडकीतून ताट दिलं. पहिल्या टेबलाने मासा निवडला. बाप्तिस्तने कात्री काढली. खाच पाडली नाही. सबंध शेपटी कापली, जोर लावून, कारण ती कात्री त्यासाठी नव्हती. केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून ती त्याने गिऱ्हाइकासमोर सरकवली.

"ही तुमच्याकडे राहू दे. मासा आला की लावून बघा."

खिडकीत बाळाचं तोंड दिसलं. "ह्या काय नवीन? बिनशेपटीचो मासो कोण घेतलो उद्या?"

"कोण घेवचो नाय," बाप्तिस्त म्हणाला. "म्हणानच."

रिसॉर्टचा आचारी शेपटी नसलेला मासा घेत नाही, ताटात तो पुन्हा मांडता येत नाही. एकदा निवडला की त्याला तव्याखेरीज जायला जागा नाही. बाळाला हे त्या क्षणी कळलं असावं. पण समोर गिऱ्हाइकं होती, त्यांनी शेपटीचे फोटो काढायला सुरुवात केली होती आणि एक मुलगी मोठ्याने आईला सांगत होती की कसं भारी आहे हे. बाळा आत गेला. संध्याकाळी तो बाप्तिस्तशी एकही शब्द बोलल्याचं मला आठवत नाही, अजूनही तो फार बोलत नाही. पाटी मात्र रंगवायला टाकली आहे असं ऐकतो. तवा विमलाकडे परत गेला आहे.

दोनच दिवसांनी टोपीवाला आला. जेसिंताचा अंदाज चुकला. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला, पायाशी बॅग; दुपारच्या गाडीने जाणार होता. स्टीलचा डबा घासून परत आणला होता. त्यातला मासा खाल्ला की मांजराला घातला, ते त्याने सांगितलं नाही आणि बाप्तिस्तने विचारलं नाही. मासा निवडला. बाप्तिस्तने शेपटी कापून समोर ठेवली. या वेळी हाताला हात लागला नाही, नोट आली नाही.

मासा भाजून आला. माणसाने शेपटी उचलून कापल्या जागी लावून बघितली. बसली. भाजल्यावर मासा आक्रसतो, त्यामुळे अगदी नेमकी नाही, पण बसली. त्याने एक घास घेतला, मग दुसरा. बाप्तिस्त पाण्याचा जग घेऊन भिंतीशी उभा होता आणि त्या दिवशी तो खरोखरच न बघण्याचा प्रयत्न करत होता.

जेवण होत आलं तेव्हा माणसाने त्याला खुणेने बोलावलं.

"आत असे बिनशेपटीचे किती मासे ठेवता हो तुम्ही?"

मला वाटलं बाप्तिस्त चिडेल. त्याने जग खाली ठेवला, स्वयंपाकघराचा पडदा एका हाताने बाजूला धरला आणि उभा राहिला. आत विमला तव्याशी होती. तिने वळून बघितलं. माणूस खुर्चीतूनच आत बघत राहिला. उठला नाही. मग हात धुवायला गेला, बॅग उचलली, गल्ल्यावर बिल दिलं आणि रस्त्याला लागला.

तो उंबरठा ओलांडेपर्यंत बाप्तिस्त थांबला. मग ताट उचललं. ताटाखाली काही नव्हतं, फक्त ओलं वर्तुळ. शेपटीही नव्हती. ती तो कागदी रुमालात गुंडाळून घेऊन गेला होता की टेबलाखाली पडून मांजराने नेली, हे शोधायला बाप्तिस्तने वाकून बघितलं नाही.

घरी गेल्यावर त्याने जेसिंताला सांगितलं की माणूस जेवला, गेला, आणि काही ठेवलं नाही.

"मेलो चिकट," जेसिंता म्हणाली.

"नाय गो. इस्वास बसलो असतलो तेचो."

जेसिंताने पेजेचं भांडं चुलीवरून उतरवलं. "नायतर पैसे संपले असतले," ती म्हणाली आणि त्याला आधी वाढलं.